मुक्काम न सांगता निघालेला माणूस

गेल्या दिवाळीत लिंबागणेशच्या आमच्या घरी फराळाच्या ताटांवर एक वाद पेटला आणि भाऊबीज उलटली तरी तो विझला नाही. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या मुलाने भाड्याने कॅरव्हॅन घेऊन कोकणात जायचे ठरवले होते. कॅरव्हॅन म्हणजे चाकांवरचे घर. आत झोपायची सोय, चहा-खिचडीपुरती शेगडी, लहानसा फ्रीज, एका कोपऱ्यात शौचालयसुद्धा. राज्य सरकारने २०२१ साली या पर्यटनासाठी धोरण आणले आणि आपल्याकडेही अशा गाड्यांची चर्चा सुरू झाली. मुलाचे म्हणणे असे, की घरच बरोबर असताना मुक्काम कशाला ठरवायचा? जिथे समुद्र आवडेल तिथे गाडी उभी करायची. सूनबाईचे म्हणणे, बरोबर सहा वर्षांचे पोर आहे, गुडघे धरलेल्या आत्याबाई आहेत. रोजचा मुक्काम, पाणी आणि गाडी लावायची जागा आधी पक्की झाल्याशिवाय ती उंबरा ओलांडणार नाही.

निवाडा माझ्याकडे आला. सारा जन्म बँकेत कागद तपासण्यात गेला म्हणून सूनबाईला खात्री, आणि चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून मुलाला आशा!

खरे म्हणजे आमच्या गावाला चाकांवरचे घर मुळीच नवे नाही. मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात हे गाव आहे. पाऊस बेताचा, जमीन हलकी. दसरा-दिवाळी झाली की या भागातली माणसे बैलगाडीत भांडीकुंडी, धान्याची पोती, पोरे आणि कोंबड्या घालून ऊसतोडीला निघतात. आता बऱ्याच जणांना ट्रक आणि ट्रॅक्टर नेतात, पण संसार तसाच लादलेला असतो. कारखान्याच्या आवारात पाचटाची कोपी उभी राहते, तेच घर. त्यांचेही बुकिंग आधीच झालेले असते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत कोयता थांबत नाही. छप्पर पक्के नसते, कर्ज तेवढे पक्के असते.

या साऱ्याचा विचार करताना मला राहून राहून एक माणूस आठवत होता. त्याने आयुष्यभर प्रवास केला आणि पुढचा मुक्काम कुणाला सांगितला नाही. तो माणूस म्हणजे गाडगेबाबा. त्यांची आठवण येण्याला माझ्यापुरते एक कारणही आहे.

साल १९८८. मी एकोणतीस वर्षांचा. आईला पंढरपूर दाखवायचे म्हणून महिनाभर आधी एका लॉजला पत्र लिहिले, मनीऑर्डर केली, पावती जपून ठेवली. रात्री साडेदहाला आम्ही पोचलो तेव्हा आमची खोली दुसऱ्यांना दिलेली होती. पावती दाखवली. तिच्याकडे कुणी पाहिलेही नाही. आई पायरीवर बसली, हिच्या कडेवर तापाने फणफणलेला मुलगा. शेवटी एका रिक्षावाल्याने आम्हाला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत नेले. तिथे आमचे नाव कुठल्याही वहीत नव्हते. तरी व्हरांड्यातल्या माणसांनी सरकून चार हात जागा केली आणि कुणीतरी तांब्याभर पाणी आणून दिले. त्या रात्री मला प्रथमच वाटले, की हा धर्मशाळा बांधणारा माणूस नीट समजून घेतला पाहिजे.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, परिटाच्या घरातला. वडील दारूपायी अकाली गेले. आई सखूबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला आली. पोर गुरे राखू लागले, पुढे मामाच्या शेतात राबू लागले. नांगर धरावा तर डेबूजीने, अशी ख्याती झाली. पण मामा सावकाराच्या कागदात अडकला आणि हाताशी आलेली जमीन डोळ्यांदेखत जायची वेळ आली. न वाचता उठवलेला अंगठा माणसाचे काय करतो, हे डेबूजीने तेव्हा पाहिले. पुढे गावोगावच्या कीर्तनांत कर्जाचा विषय त्यांनी कधी सोडला नाही, त्याची मुळे या शेतात आहेत. हे वाचताना मला बँकेच्या काउंटरपलीकडून पुढे आलेले कितीतरी अंगठे आठवतात.

लग्न झाले होते, कुंताबाईंसारखी सोशिक बायको होती, मुले होती. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटण न देता डेबूजींनी गोडाचे जेवण घातले, तेव्हाच हा माणूस वेगळ्या वाटेचा आहे हे भाऊबंदांना कळले असावे. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. एकोणतिसावे वर्ष पुरे व्हायला तीन आठवडे होते. पंढरपुरात पावती हातात धरून मी उभा होतो, साधारण त्याच वयाचा हा माणूस काहीही हातात न धरता निघाला होता.

काहीही म्हणजे अगदीच काही नाही असे नव्हे. फुटक्या मडक्याचे गाडगे होते. त्यातच खायचे, त्यातच पाणी प्यायचे आणि ऊन लागले की तेच डोक्यावर टोपीसारखे घालायचे. हातात खराटा. अंगावर चिंध्यांचे ठिगळकाम, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच. कुठे लोक त्यांना गोधडेबाबा म्हणत, कुठे चिंधेबाबा. इतके आटोपशीर फिरते घर जगात दुसऱ्या कुणाचे असेल असे मला वाटत नाही.

त्यांची रीत ठरलेली होती. गावात शिरायचे आणि कुणाशी न बोलता रस्ता झाडायला लागायचे. गटारे मोकळी करायची. मग कुणाच्या दारात उभे राहून भाकर मागायची. आधी काम, मग भाकर. कुणाची गाडी चिखलात रुतली असेल तर खांदा द्यायचा, कुणाच्या शेतात कापणी चालू असेल तर विळा घ्यायचा आणि मजुरीची वेळ आली की नाहीसे व्हायचे. रात्री कीर्तन. तेही वऱ्हाडी बोलीत, समोरच्या माणसांना प्रश्न विचारत विचारत, हसवत हसवत. ऋण काढून सण करू नका, दारूला शिवू नका, देवापुढे मुकी जनावरे मारू नका, शिवाशिव पाळू नका, ताट मोडा पण पोराला शाळेत घाला, असा सारा रोख. पहाटे लोक पाया पडायला यावेत तर बाबा पुढच्या वाटेला लागलेले असत.

इथपर्यंत सांगितले तेव्हा मुलाचा चेहरा खुलला. गाडगेबाबा त्याच्या पक्षाचे निघाले होते! मी त्याला म्हटले, थोडा थांब. या हिशेबाला दुसरी बाजू आहे.

मुक्काम न सांगता निघालेल्या माणसाची किंमत घरी राहिलेली माणसे मोजतात. बाबा गेले तेव्हा सखूबाई आणि कुंताबाई यांना माणूस कुठे आहे, जिवंत आहे की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. १९२३ साली त्यांचा मुलगा गोविंदा गेला. तेव्हा बाबा पार कोकणात, खारेपाटणला होते. बातमी पोचली आणि कीर्तन थांबले नाही, हे त्यांचे चरित्रकार आदराने सांगतात. मीही आदरानेच वाचतो. पण वाचताना माझे डोळे कीर्तनाच्या मांडवात राहत नाहीत, ते वऱ्हाडातल्या त्या घराकडे जातात. पोर गेले आणि बाप दोन टोकांच्या अंतरावर. थोर माणसांच्या बायकांच्या वाट्याला आलेल्या रात्री कुठल्याच चरित्रात पुरत्या मावत नाहीत.

मला वाटते, बाबांना हे ठाऊक होते. आपल्याला मुक्काम लागत नाही म्हणून जगाला लागत नाही, असे त्यांनी कधी मानले नाही. उलट ज्याने स्वतःसाठी कधी खोली मागितली नाही, त्याने दुसऱ्यांसाठी खोल्या बांधण्यात आयुष्य घातले. ऋणमोचनच्या जत्रेत पूर्णेच्या चिखलात म्हाताऱ्याकोताऱ्यांचे हाल पाहिले आणि तिथे घाट बांधून घेतला. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपुरात दलित वारकरी पंधरा-पंधरा दिवस चालून यायचा आणि त्याला पाठ टेकायला जागा नसायची. साने गुरुजींच्या उपोषणानंतर विठ्ठलमंदिर सर्वांना खुले झाले ते १९४७ साली. त्याच्या कितीतरी आधी बाबांनी तिथे चोखामेळा धर्मशाळा बांधली होती. १९४९ साली ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. मुंबईत जे. जे. रुग्णालयात दूरच्या गावाहून रोगी यायचे आणि त्यांची माणसे फुटपाथवर चूल मांडायची. त्यांच्यासाठीही त्यांनी आसरा उभा केला. त्यांच्या पश्चात त्याच वाटेने दादरची धर्मशाळा झाली. टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांना ती आधार देत आली आहे.

लाखो रुपये त्यांच्या शब्दावर जमले. पण या इमारतींवर आपला किंवा आपल्या नातेवाइकांचा कसलाही हक्क राहणार नाही, अशी व्यवस्था त्यांनी करून ठेवली. बँकेत असताना मी खूप विश्वस्त पाहिले. मालकीचा रकाना असा कोरा ठेवणारा दुर्मिळच.

शेवटही वाटेवरच झाला. १९५६ च्या ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. आधीच खंगलेल्या गाडगेबाबांना तो घाव सोसवला नाही असे म्हणतात. चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, त्यांना मोटारीतून अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी त्यांनी प्राण सोडला. घर सोडून निघालेल्या त्या माणसाला छपराखालचे मरणही आले नाही. आले ते धावत्या गाडीतले.

एवढे सांगून होईतो अंगणात ऊन उतरले होते. मग मी निवाडा दिला. आधी ठरवून जावे की न ठरवता, हा प्रश्नच अपुरा आहे. आपल्या न ठरवण्याचा भार कुणाच्या डोक्यावर पडतो, हे पाहावे. आपला एकट्याचा पडत असेल तर खुशाल वाट फुटेल तिकडे जावे. अक्काचे गुडघे आणि नातवाचा ताप जर तो उचलणार असतील, तर तेवढ्या रात्री ठरवून ठेवाव्यात. दिवस मोकळे सोडावेत.

दुसरी गोष्ट खराट्याची. न बोलावता कुणाच्या गावी उतरलो तर तिथे आपण पाहुणे. गाडीतला कचरा आणि शौचालयाची टाकी कुठे रिकामी करणार, हे त्या दोघांपैकी एकानेही विचारले नव्हते. कोकणातली एखादी वाडी सकाळी उठून आपली घाण पाहणार असेल, तर त्या प्रवासाला मोकळेपणा म्हणू नये.

तिसरी गोष्ट मी हळूच विचारली. पैसे कुठून? मुलाने खाली पाहिले. सहलीसाठी त्याने कर्ज मंजूर करून घेतले होते, बारा हप्त्यांचे. मोबाइलवर दोन मिनिटांत मिळाले म्हणाला. आमच्या गावातल्या कोयत्यांची उचलही अशीच चटकन मिळते. मी रागावलो नाही. मीही तीस-पस्तीस वर्षे लोकांना कर्जेच वाटली. फक्त डेबूजींच्या मामाचे शेत त्याला पुन्हा एकदा सांगितले.

सहल दिवाळीत झाली नाही. कर्ज त्याने परत केले. मार्च-एप्रिलपर्यंत पैसे साठवून, सहाऐवजी चार दिवसांसाठी ती मंडळी निघाली. मुक्कामाची गावे सूनबाईने ठरवली, वाटेतले थांबे मुलाने. रोज रात्री आठला हिला फोन करायचा, ही अट माझी. आणि निघताना अक्काने अंगणातला खराटा उचलून गाडीत ठेवला. परत आली तेव्हा त्याच्या काड्यांना कोकणातली तांबडी माती लागलेली होती. हिने तो धुतला नाही, तसाच दाराआड उभा करून ठेवला आहे.