पनवेलचे पाच वेळा आमदार, पण मंत्री कधीच नाही. कोण होते दि. बा. पाटील?

नवी मुंबई विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव देण्याचा ठराव राज्य विधिमंडळाने २०२२ मध्ये केला. 'दिबां'नी पनवेलमधून पाच वेळा विधानसभा जिंकली. पाचही वेळा सरकार मात्र काँग्रेसचे आले.

पहिला विजय कधी?
१३ जानेवारी १९२६ रोजी उरण तालुक्यातील जासईत शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पुढे ते वकील झाले. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ते शेकापतर्फे पनवेलचे आमदार झाले. मात्र तेव्हा राज्य द्विभाषिक होते. गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या बळावर काँग्रेसने ३९६ पैकी २३४ जागा मिळवल्या आणि यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. नंतर १९६२, १९६७, १९७२ आणि १९८० मध्येही पनवेलने दिबांनाच निवडून दिले.

सात आमदारांचा विरोधी पक्षनेता
१९७२ मध्ये काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा जिंकल्या. शेकापकडे फक्त ७ आमदार होते, तरी विरोधी पक्षनेतेपद दिबांकडे आले. आज या पदासाठी दहा टक्के आमदारांच्या संकेताची चर्चा होते. २८८ च्या सभागृहात हा आकडा २९ होतो. २०२४ मध्ये विरोधकांतील सर्वात मोठ्या पक्षाला, म्हणजे ठाकरे गटाच्या शिवसेनेला, २० जागा मिळाल्या.

सत्ता जवळ आली तेव्हा?
१९७८ मध्ये शरद पवारांच्या पुलोद सरकारमध्ये शेकाप सामील झाला. पण दिबा तेव्हा दिल्लीत होते. १९७७ मध्येच ते कुलाब्यातून लोकसभेवर गेले होते. १९८४ च्या अखेरीस ते पुन्हा खासदार झाले.

मग हाती काय लागले?
सिडकोच्या नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. योग्य मोबदल्यासाठी दिबांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलकांचा मृत्यू झाला. या लढ्यातूनच साडेबारा टक्के योजना आली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची ही तरतूद आहे.

२४ जून २०१३ रोजी दिबांचे निधन झाले. पनवेल-उरणमधील अनेक प्रकल्पग्रस्तांची घरे आज याच साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर उभी आहेत. ही योजना मंत्रिपदाच्या खुर्चीतून आलेली नाही. ती विरोधी बाकांवरच्या एका आमदाराने रस्त्यावर दिलेल्या लढ्यातून आली.