कविवर बनारसीदास : वाचनाकडून स्वाध्यायाकडे

श्रावकाच्या बारा व्रतांमध्ये अनर्थदंडविरती हे एक व्रत आहे. जिच्यातून कोणतेही प्रयोजन साधत नाही आणि आत्म्याला कर्मबंध मात्र होतो, अशा कृतीचा त्याग या व्रतात अपेक्षित आहे. या निष्प्रयोजन पापाचे जे पाच भेद आचार्यांनी सांगितले, त्यांत दुःश्रुतीचा समावेश होतो. चित्त कलुषित करणाऱ्या कथा व ग्रंथ ऐकणे अथवा वाचणे म्हणजे दुःश्रुती. हलक्या ग्रंथांत घालविलेला वेळ सर्वस्वी वाया जातो काय? आणि उत्तम ग्रंथ हाती आला एवढ्यानेच वाचन सार्थकी लागते काय? हे दोन्ही प्रश्न ज्यांच्या जीवनात प्रत्यक्ष उभे राहिले, असे थोर श्रावक म्हणजे आग्र्याचे कविवर पंडित बनारसीदास.

त्यांचा जन्म वि. सं. १६४३ (इ. स. १५८६-८७) च्या माघ महिन्यात जौनपूर येथे श्रीमाळ जैन कुळात झाला. पिता खरगसेन जवाहिराचा व्यापार करीत. बालकाचे प्रथम ठेवलेले नाव विक्रमाजीत होते. पुढे भगवान पार्श्वनाथांच्या जन्मभूमीवरून ते बनारसी असे झाले. आठव्या वर्षी त्यांचे अक्षरशिक्षण सुरू झाले. वणिकपुत्राला लिहिणे, वाचणे व हिशेब आला की पुरे, असे मानण्याचा तो काळ. अधिक विद्या हे व्यापारी घरात भूषण न ठरता अडचण ठरत असे.

बनारसीदासांची ज्ञानलालसा मात्र एवढ्यावर शमणारी नव्हती. चौदाव्या वर्षी, वि. सं. १६५७ मध्ये, पंडित देवदत्तांकडे त्यांनी नाममाला, अनेकार्थ, ज्योतिष व अलंकार यांचा अभ्यास केला आणि त्याच ओघात कामशास्त्रावरील लघुकोकही वाचला. याच सुमारास जौनपुरास आलेल्या मुनी भानुचंद्रांकडे ते छंदशास्त्र आणि प्रतिक्रमणादी पाठ शिकले. एकाच वयात एका हाती धर्मपाठ व दुसऱ्या हाती शृंगारग्रंथ अशी ही स्थिती होती. कोवळ्या मनाने त्यांपैकी सोपा मार्ग धरला. त्यांनी सुमारे एक हजार दोहे-चौपायांची एक पोथी रचली. तिच्यात नवरसांचे वर्णन होते, तथापि भर शृंगारावरच होता. आचरणही पोथीसारखेच झाले. व्यापाराकडे दुर्लक्ष झाले, प्रेमप्रकरणांत दिवस जाऊ लागले, दुर्धर रोगाने शरीर ग्रासले. माता-पित्यांच्या दुःखाला पारावार राहिला नाही. दुःश्रुतीला आचार्यांनी पाप का म्हटले, याचे हे जिवंत उदाहरण होते.

इ. स. १६०५ मध्ये बादशहा अकबराचे निधन झाले. ती वार्ता ऐकताच जिन्यावर बसलेले बनारसीदास भोवळ येऊन खाली कोसळले व त्यांचे मस्तक फुटले. या घटनेनंतर त्यांचे चित्त अंतर्मुख होऊ लागले. एके सायंकाळी गोमतीच्या पुलावर मित्रमंडळींसमवेत बसून ते आपलीच पोथी वाचून दाखवीत होते. वाचता वाचता त्यांच्या मनात विचार आला की, एका असत्य वचनानेही जीव दुर्गतीस जातो. मग येथे तर असत्याची अख्खी पोथीच रचली गेली आहे. त्यांनी ती तत्काळ नदीत टाकून दिली. सुटी पाने प्रवाहावर पसरली, मित्र हळहळले, परंतु काहीही हाती लागले नाही. हे वृत्त ऐकून खरगसेनांना मात्र परम संतोष झाला. त्या दिवसापासून बनारसीदासांचा नित्यक्रम पालटला. जिनदर्शन, पूजापाठ, व्रतनियम यांत ते रमू लागले.

पोथी बुडाली, तरी तिच्या रचनेत कमावलेली छंदांवरील पकड बुडाली नाही. कथावाचनाचा छंदही सर्वस्वी सुटला नव्हता. वि. सं. १६६७ (इ. स. १६१०) मध्ये पित्याने त्यांना रत्ने, तूप, तेल व कापड देऊन व्यापारासाठी आग्र्यास पाठविले. अननुभवामुळे त्यांत मोठी हानी झाली. काही रत्नेही हरवली. त्या हलाखीत ते रात्री आपल्या निवासी मधुमालती व मृगावती ही प्रेमाख्याने गाऊन वाचीत आणि दहा-वीस श्रोते जमत. त्या श्रोत्यांत एक कचोरीवाला होता. कित्येक महिने त्याने त्यांना उधारीवर जेवू घातले. लौकिक कथांच्या या वाचनाने आत्महित साधले नाही, हे खरे. पण परक्या शहरात माणसांचा आधार त्यानेच मिळवून दिला, हेही तितकेच खरे.

याहून कठीण परीक्षा पुढे होती. वि. सं. १६८० (इ. स. १६२३) च्या सुमारास अरथमल नावाच्या एका अध्यात्मप्रेमी गृहस्थाने त्यांच्या हाती पांडे राजमल्लांची समयसारावरील भाषाटीका दिली. आचार्य कुंदकुंदांच्या या ग्रंथराजाइतका उत्तम ग्रंथ कोणता असणार! परंतु बनारसीदासांनी तो मार्गदर्शकाविना वाचला. शुद्ध आत्मा क्रियेपासून भिन्न आहे, एवढेच त्यांनी उचलले आणि व्यवहारधर्माला निरर्थक ठरविले. जप, तप, सामायिक, प्रतिक्रमण सुटले. ते व त्यांचे तीन सोबती बंद खोलीत विवस्त्र होऊन मुनिपदाचा आव आणीत. देवाला वाहिलेला नैवेद्यही खाण्यापर्यंत मजल गेली. समाजात निंदा झाली. तारुण्यात हलक्या ग्रंथाने आचार बिघडला होता. आता प्रौढ वयात श्रेष्ठ ग्रंथ अर्धवट समजल्याने तो पुन्हा बिघडला. ही अवस्था सुमारे बारा वर्षे टिकली.

वि. सं. १६९२ (इ. स. १६३५) मध्ये पंडित रूपचंद आग्र्यास आले. अध्यात्मप्रेमी मंडळींनी त्यांच्याकडून गोम्मटसाराचे विवेचन ऐकले. जीव ज्या गुणस्थानी असतो, त्याला अनुरूप अशीच त्याची क्रिया असते, हे त्यांनी उलगडून सांगितले. निश्चय आणि व्यवहार यांचा मेळ तेव्हा कोठे बनारसीदासांच्या ध्यानी आला. शास्त्रकारांनी स्वाध्यायाची वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय व धर्मोपदेश अशी पाच अंगे सांगितली आहेत. बनारसीदासांनी वाचना पुष्कळ केली होती. उणीव होती ती पृच्छनेची, म्हणजे जाणत्यास विचारून शंका दूर करण्याची. ती रूपचंदांच्या सहवासात भरून निघाली.

पुढच्याच वर्षी, वि. सं. १६९३ मध्ये, समयसार नाटक हा त्यांचा अमर ग्रंथ पूर्ण झाला. कुमारवयात शृंगारासाठी कमावलेली छंदरचना येथे आत्मतत्त्वाच्या सेवेस लागली. ग्रंथाच्या अखेरीस त्यांनी चौदा गुणस्थानांचा स्वतंत्र अधिकार जोडला. ज्या अज्ञानाने ते स्वतः भरकटले, त्यात दुसरा वाचक सापडू नये, याचीच जणू ही तरतूद होती.

वि. सं. १६९८ (इ. स. १६४१) मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी अर्धकथानक हे पद्यमय आत्मचरित्र लिहिले. मनुष्याचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानून ही अर्धी कथा, असा त्यांचा हिशेब होता. प्रत्यक्षात पुढील एक-दोन वर्षांतच त्यांची जीवनयात्रा संपली. तीन विवाह झाले, सात पुत्र व दोन कन्या झाल्या, परंतु नऊंपैकी एकही अपत्य जगले नाही. एवढ्या आघातांनंतरही त्यांनी लेखणी संयत ठेवली. गोमतीत बुडविलेली पोथी, प्रेमाख्यानांच्या रात्री, समयसाराचा विपरीत अर्थ यांतले काहीच त्यांनी झाकले नाही. द्रव्याचा मोह, थट्टेची आवड, जप-तपातील शैथिल्य हे आपले दोषही त्यांनी मोजून सांगितले. पं. नाथूराम प्रेमी यांनी १९४३ मध्ये मुंबईहून हा ग्रंथ संपादून प्रसिद्ध केला, तेव्हा तीनशे वर्षांपूर्वीचा एक प्रांजळ श्रावक पुन्हा समाजासमोर आला.

कविवरांच्या चरित्रावरून दुःश्रुतीचे समर्थन करता येणार नाही. तिने त्यांची उमेदीची वर्षे घेतली आणि माता-पित्यांना रडविले. परंतु वाईट ग्रंथ वाईट म्हणून ओळखून खाली ठेवण्याचे बळ ज्याला लाभले, त्याची वाट तेथे संपत नाही, हेही याच चरित्रातून दिसते. उत्तम ग्रंथाच्या वाचकानेही निश्चिंत राहू नये. जिनवाणी कपाटातून हाती येणे ही केवळ सुरुवात आहे. जाणत्यांपाशी बसून ती समजून घेतली, तरच वाचनाचा स्वाध्याय होतो. प्रत्येक जिनमंदिरातील शास्त्रसभेचे प्रयोजन हेच आहे.