आडरानातल्या पबांचा कथाकार

ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखात एके काळी गाव म्हणजे पत्र्याच्या छपराची चार घरे, एक दुकान आणि एखाददुसरा पब. मेंढ्यांची लोकर कातरणारे मजूर हंगामाच्या मजुरीचा चेक थेट पबमालकाच्या हाती ठेवत आणि तो संपेपर्यंत पीत. मग पाठीवर वळकटी टाकून पुन्हा रस्ता धरत. या जगाला साहित्यात आणणाऱ्यांत अग्रणी होता हेन्री लॉसन.

१७ जून १८६७ रोजी न्यू साउथ वेल्समधील ग्रेनफेलच्या सोन्याच्या खाणींच्या परिसरात तो जन्मला. वडील नॉर्वेचे खलाशी. आई लुईसा करारी. १८८८ मध्ये तिने 'द डॉन' हे स्त्रियांचे नियतकालिक सुरू केले. हेन्रीला नवव्या वर्षापासून कमी ऐकू येऊ लागले आणि चौदाव्या वर्षापर्यंत तो जवळजवळ बहिरा झाला. माणसांच्या बोलण्याचा इतका अस्सल बाज पकडणारा लेखक बहिरा असावा, हे नवलच!

१८९२ मध्ये 'बुलेटिन' साप्ताहिकाचे संपादक आर्चिबाल्ड यांनी पाच पौंड आणि रेल्वेचे तिकीट देऊन त्याला बर्क या दूरच्या गावी धाडले. दुष्काळ होता. लॉसनने रंगकाम केले, लोकर कातरण्याच्या शेडमध्ये राबला आणि ऐन उन्हाळ्यात एका सोबत्यासह दोनशेहून अधिक किलोमीटर चालत क्वीन्सलंडच्या सीमेवरचे हंगरफोर्ड गाठले, परतलाही पायीच. त्या वाटेवरचे पब, धूळ, माश्या आणि अनोळखी वाटसरूंनी एकमेकांना दिलेला आधार ही त्याची आयुष्यभराची शिदोरी ठरली. बॅन्जो पॅटर्सन हा समकालीन कवी रानातल्या जीवनाची मोहक चित्रे रंगवी. लॉसनला ती खोटी वाटत. १८९२ मध्येच दोघांत 'बुलेटिन'च्या पानांवर कवितांतून जाहीर वाद रंगला होता.

मात्र लॉसन रडका नव्हता. 'द लोडेड डॉग' या कथेत सोने शोधणारे तिघे मित्र डोहातले मासे मारायला स्फोटकाचे काडतूस बनवतात. त्यांचा खेळकर कुत्रा तेच तोंडात धरून पळतो आणि वात पेटते! जीव मुठीत धरून धावणारे मित्र, त्यांच्या मागे शेपटी हलवणारा कुत्रा आणि शेवटी पबच्या आवारात स्फोट. तिथल्या एका खाष्ट कुत्र्याने काडतूस हिसकावून घेतल्याने आपला नायक मात्र वाचतो.

ज्या पबांनी कथा दिल्या, त्यांच्याच दारूने त्याला पोखरले. १८९६ मध्ये बर्थाशी विवाह झाला, १९०० ते १९०२ लंडनमध्ये गेली आणि १९०३ मध्ये संसार मोडला. पोटगी थकवल्याबद्दल व दारूपायी त्याने सिडनीच्या डार्लिंगहर्स्ट तुरुंगाच्या अनेक वाऱ्या केल्या. रस्त्यावर ओळखी-अनोळखींकडे तो पैसे मागे. १९१६ मध्ये सरकारने त्याला काम देऊन लीटन या दारूबंदी असलेल्या गावी पाठवले. तिथेही त्याची तहान भागतच राहिली.

२ सप्टेंबर १९२२ रोजी सिडनीत त्याचे निधन झाले. सरकारी इतमामात अंत्ययात्रा निघाली. १९६६ मध्ये दहा डॉलरच्या नोटेवर त्याचे चित्र छापले गेले. १९९३ मध्ये नवी नोट आली, तेव्हा तिच्या एका बाजूला पॅटर्सन होता.