एक्सप्लेनर : बाबासाहेबांच्या पुतळ्याला सूटच का? एका पोशाखामागचा ५५ वर्षांचा प्रवास

भंडारा जिल्ह्यातील अनेक गावांच्या चौकात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा पुतळा दिसतो. अंगात कोट, गळ्यात टाय, हातात संविधान. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जाणाऱ्या भागात हा पोशाख हवामानाला साजेसा नक्कीच नाही. तरीही सुटाऐवजी धोतर-सदऱ्यातले बाबासाहेब आपल्या डोळ्यांसमोर येत नाहीत. असे का? कोणी काय घालायचे, हे एकेकाळी जात ठरवत होती. बाबासाहेबांच्या आयुष्यातील काही प्रसंग कपड्यांच्या बाजूने पाहिले की हे उत्तर सापडते.

नवे कपडे आणि मसूरचे स्टेशन

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. गावात ज्यांच्या पोशाखावर बंधने होती, त्यांना लष्करात मात्र इतरांसारखाच गणवेश मिळत होता. त्यामुळे नीटनेटके राहण्याचे वळण या घरात आधीपासून होते.

१९०१ मधील गोष्ट. कुटुंब साताऱ्यात होते आणि वडील दुष्काळी कामावर खजिनदार म्हणून बाहेरगावी होते. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांनी वडिलांकडे जायचे ठरले. प्रवासासाठी नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे बूट आणि रेशीमकाठी धोतरे घेतली गेली. लहानगा भीम, त्याचा भाऊ आणि भाचे असे सगळे थाटात रेल्वेने मसूर स्टेशनवर उतरले. निरोप वेळेत न पोहोचल्याने त्यांना न्यायला कोणीच आले नव्हते.

स्टेशनमास्तरने आस्थेने चौकशी केली. कपड्यांवरून ही ब्राह्मणाची मुले असावीत, असा त्याचा समज झाला होता. आपण महार असल्याचे मुलांनी सांगताच त्याचा चेहरा बदलला आणि तो निघून गेला. बैलगाडीवाले दुप्पट भाडे देऊनही गाडी हाकायला तयार होईनात. शेवटी मुलांनीच गाडी हाकली आणि गाडीवान शेजारून चालत राहिला. वाटेत त्यांना प्यायला पाणीही मिळाले नाही.

चांगल्या कपड्यांनी काही मिनिटे मान मिळवून दिला आणि जात कळताच तो गेला. ही आठवण बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवली.

पदव्या मिळाल्या, तरी बडोद्यात काय झाले?

१९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. नंतर लंडनला शिकले. १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला आले, तेव्हा राहायला जागा मिळेना. ते एका पारशी विश्रामगृहात गेले.

इथे पुन्हा कपडे आडवे आले. पारशी माणसाच्या अंगात सदरा आणि कमरेला कस्ती असते. बाबासाहेबांनी वरचे कपडे उतरवले तेव्हा या दोन्ही खुणा नसल्याचे व्यवस्थापकाच्या लक्षात आले. अखेर पारशी नाव लावून राहायचे, अशी तडजोड झाली. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला पारशांचा जमाव आला आणि त्यांना जागा सोडावी लागली.

कपड्यांवर खरोखर बंदी होती का?

होती. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जातिनिर्मूलनावरील पुस्तकात बाबासाहेबांनी १९२८ मधील इंदूर संस्थानचे उदाहरण दिले आहे. तेथील काही गावांतील सवर्णांनी बलाई या अस्पृश्य समाजासाठी नियम काढले होते. पुरुषांनी जरीकाठाची पगडी घालायची नाही. रंगीत किंवा नक्षीदार काठाचे धोतर नेसायचे नाही. बायकांनी सोन्या-चांदीचे दागिने घालायचे नाहीत.

हे नियम गरिबांसाठी नव्हते, हे लक्षात घ्या. ज्याच्याकडे पैसेच नाहीत, त्याला जरीची पगडी घालू नको असे सांगावे लागत नाही. ज्याला ती परवडू लागली होती, त्याला अडवण्यासाठी नियम होता. माणूस दुरून पाहताच त्याची जात कळली पाहिजे, हा त्यामागचा हेतू होता.

महाडमध्ये स्त्रियांना काय सांगितले?

२० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडला दुसरी परिषद भरली आणि २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन करण्यात आले. याच परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले आणि त्यात लुगड्याचा विषय निघाला.

अस्पृश्य स्त्रियांची लुगडे नेसण्याची पद्धत आणि गळाभर, हातभर घातलेले चांदी-कथलाचे दागिने ही त्यांच्या जातीची ओळख झाली होती. या खुणा टाका, इतर स्त्रिया नेसतात तसे लुगडे नेसा, कपडा फाटका असला तरी चालेल पण स्वच्छ असू द्या, असा त्यांचा सल्ला होता. परतण्यापूर्वीच अनेक स्त्रियांनी नेसण्याची पद्धत बदलली.

मग ही सवर्णांची नक्कल नव्हती का? हा प्रश्न अभ्यासक आजही विचारतात. पण मसूरचा अनुभव घेतलेल्या माणसाला चांगल्या कपड्यांनी जात जाते, असा भ्रम असणे शक्य नव्हते. दुसऱ्याने लादलेली खूण अंगावर वागवायची नाही, एवढाच त्यांचा आग्रह होता.

कापड विणणाऱ्यांचीच अडवणूक

भंडारा जिल्ह्यातील वाचकांसाठी हा भाग जवळचा आहे. पवनी, मोहाडी, आंधळगाव ही विणकरांची गावे. कोष्टी समाज रेशीमकाठी आणि टसरचे वस्त्र विणायचा. जुन्या मध्य प्रांतात जाडेभरडे कापड विणणे हा महार समाजाच्या परंपरागत व्यवसायांपैकी एक होता. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरण्यांचे कापड आल्यावर हातमागाचा धंदा बसत गेला आणि अनेकजण गिरणी कामगार झाले.

मुंबईच्या गिरण्यांत मात्र जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. धोट्यातील धागा संपला की नवा धागा तोंडाने ओढावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा कसा वापरायचा, अशी इतर कामगारांची हरकत होती. १९२८ च्या गिरणी संपावेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार नेत्यांपुढे मांडला. त्या खात्यात विणलेले कापड सगळेच घालत होते. विटाळ मानला जायचा तो पगाराच्या जागेवर.

गांधीजींचा पंचा आणि बाबासाहेबांचा सूट

महात्मा गांधी हेही बॅरिस्टर होते आणि तरुणपणी सूट घालत. १९२१ मध्ये मदुराईत त्यांनी गरिबांशी नाते सांगण्यासाठी पंचा स्वीकारला. १९३१ मध्ये लंडनच्या दुसऱ्या गोलमेज परिषदेला ते त्याच वेशात गेले. त्याच परिषदेत बाबासाहेब सुटात होते.

दोघांचेही पोशाख राजकीय होते, पण सुरुवात वेगळ्या टोकांवरून झाली होती. गांधीजींनी जे मिळाले होते ते सोडले. बाबासाहेबांच्या समाजाला ते कधी मिळूच दिले गेले नव्हते. ज्याला उघडे राहण्याची सक्ती झाली, त्याच्यासाठी अंगभर कपडा घालणे हाच निषेध होता. शिवाय सुटाला जात नव्हती. पगडीचा घाट, धोतराचा काठ यावरून माणसाची जात ओळखता यायची, कोटावरून नाही. घरी मात्र बाबासाहेब लुंगी-सदरा असा साधा वेशही करत.

भंडारा ते दीक्षाभूमी

१९५२ मध्ये मुंबईतून लोकसभेला हरल्यानंतर बाबासाहेब मे १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत उतरले. तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता आणि आजचा गोंदिया जिल्हाही त्यातच होता. मतदारसंघ दोन खासदारांचा होता. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी सुमारे ८ हजार मतांनी त्यांचा पराभव केला, तर दुसऱ्या जागेवर अशोक मेहता निवडून आले. संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष राहिलेल्या माणसाला त्यानंतर लोकसभेत जाता आलेच नाही.

अडीच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, भंडाऱ्याहून साधारण ६० किलोमीटरवरील नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या दिवशी त्यांच्या अंगावर पांढरे वस्त्र होते. मैदानावरही पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे. एकाच रंगाच्या त्या गर्दीत कोण कोणत्या पोटजातीचा, हे कपड्यांवरून सांगणे अशक्य होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे निधन झाले.

आज याचा अर्थ काय?

धम्मचक्र प्रवर्तन दिनी आजही भंडाऱ्यातून पांढऱ्या कपड्यांतील कुटुंबे दीक्षाभूमीकडे निघतात. दुसरीकडे, फेटा बांधून घोड्यावर बसलेल्या दलित नवरदेवाची वरात अडवल्याच्या बातम्या देशाच्या काही भागांतून अजूनही येतात. त्या घटना आणि इंदूरच्या गावांतील जरीच्या पगडीवरचा नियम यांत जवळपास शंभर वर्षांचे अंतर आहे. आक्षेप मात्र तोच आहे. म्हणूनच चौकातल्या पुतळ्याचा कोट ही केवळ एका नेत्याची आवड नाही, तर काय घालायचे हे ठरवण्याचा हक्क परत घेतल्याची ती नोंद आहे.