रोड ट्रिप अख्ख्या देशाची, लग्न मात्र वाशिमला!

घरातून रुसून निघालेला एक मुलगा. त्याला परत आणायला त्याच्या मागोमाग निघालेली एक मुलगी. हिमालयातून सुरुवात, मग बंगाल, मग गंगा-यमुनेचा मुलूख, काश्मीर, माळवा, सौराष्ट्र आणि खाली थेट केरळ. एवढा देश पालथा घालून दोघं शेवटी लग्न करतात कुठे? आपल्या वाशिमला!

वेब सिरीजची स्टोरी वाटतेय ना? पण ही लिहून हजारेक वर्षं झाली. लिहिणाऱ्याचं नाव राजशेखर. बी. ए.ला संस्कृत असेल तर हे नाव कानावरून गेलं असेल, तेही बहुतेक परीक्षेपुरतं. माणूस मात्र भारी होता.

तो मूळचा आपल्याकडच्या घराण्यातला. घराण्याचं नाव यायावर, म्हणजेच सतत फिरणारे! पणजोबा अकालजलद मोठे कवी. त्यांचा उल्लेख तो महाराष्ट्राचा चूडामणी असा अभिमानाने करतो. वडील मंत्री, आईचं नाव शीलवती. राजशेखरने स्वतः मात्र नाव कमावलं ते दूर उत्तरेत, कनोजला. इ.स. 900च्या आसपास कनोज म्हणजे प्रतिहारांची राजधानी, उत्तर भारतातलं सगळ्यात वजनदार शहर. तिथल्या महेंद्रपाल राजाचा हा गुरू, आणि पुढे महीपालाच्याही दरबारात त्याला मान. विनय वगैरे भानगड त्याच्याकडे नव्हती. आधी वाल्मीकी, मग भर्तृमेंठ, मग भवभूती आणि आता मी, अशी स्वतःची जन्मपरंपराच त्याने एका नाटकात सांगून टाकलीय.

त्याची बायको अवंतिसुंदरी चाहमान, म्हणजे चौहान कुळातली. तोही अभिमान त्याने लपवला नाही. ‘कर्पूरमंजरी’ हे त्याचं अख्खं प्राकृतातलं नाटक तिच्या इच्छेवरून रंगमंचावर आलं, हे त्याने नाटकातच नोंदवून ठेवलंय. पण ती नुसती हौशी प्रेक्षक नव्हती. त्याच्या ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात मोठमोठ्या आचार्यांची मतं येतात आणि त्यांच्या रांगेत तीन ठिकाणी अवंतिसुंदरीचं मत येतं. कवितेतला एकही शब्द बदलता येऊ नये, हीच परिपक्वतेची खूण, असं वामनाचे अनुयायी मानत. अवंतिसुंदरीने ते साफ खोडलं. तिच्या मते ही परिपक्वता नव्हे, ही तर अशक्ती. मोठ्या कवीला एकाच गोष्टीसाठी कितीतरी शब्द सुचतात आणि ते सगळे शोभतात. हजार वर्षांपूर्वी बायकोचं मत बायकोच्या नावानिशी शास्त्रग्रंथात छापणारा (म्हणजे तेव्हा लिहिणारा!) नवरा किती जणांना माहितीये? प्रतिभा बाई-पुरुष असा भेद बघत नाही, हेही त्याने याच ग्रंथात लिहिलंय. तिचा स्वतंत्र ग्रंथ आज आपल्या हातात नाही. त्याने लिहून ठेवलं म्हणून तिचा आवाज राहिला.

आता ती ट्रिप. ‘काव्यमीमांसे’च्या तिसऱ्या अध्यायात सरस्वतीला मुलगा होतो, काव्यपुरुष. एकदा आई कामाला निघते आणि त्याला सोबत नेत नाही. झालं, पोरगा रागावून चालायला लागतो. त्याचा दोस्त कार्तिकेय रडायला लागतो. मग पार्वती एक शक्कल लढवते. प्रेमासारखं बांधून ठेवणारं दुसरं काही नाही, हे ओळखून ती साहित्यविद्यावधू नावाची मुलगी निर्माण करते आणि त्याच्या मागे धाडते.

दोघं आधी पूर्वेला जातात. ती तिथे जो पेहराव करते, तोच तिथल्या बायका उचलतात. त्याचा पोशाख पुरुष उचलतात. आजच्या भाषेत दोघंही इन्फ्लुएन्सर! ती नाचते, गाते, पण हा ढिम्म. बोलतो तेही लांबलचक समास आणि अनुप्रासांनी भरलेलं. ती झाली गौडी रीती. पुढे पांचाल देशात तो थोडा विरघळतो, समास आखूड होतात. ती पांचाली. अवंतीहून दक्षिणेत उतरेपर्यंत मात्र गडी पुरता प्रेमात पडलेला असतो आणि त्याची भाषा मोकळी, गोड, समासाचं ओझं टाकलेली झालेली असते. ती वैदर्भी. लिहिण्याच्या शैलींचा रुक्ष धडा या माणसाने प्रवासाच्या लव्हस्टोरीत बसवला. राग जसा उतरतो तशी वाक्यं सुटसुटीत होतात. (तुमचे भांडणातले मेसेज आणि पॅचअपनंतरचे मेसेज शेजारी ठेवून बघा.)

मग विदर्भात वत्सगुल्म नगरात, जिथे साक्षात मदन खेळायला येतो अशा गावी, दोघं गांधर्व विवाह करतात. आलेले प्रदेश पुन्हा बघत बघत जोडीनं हिमालयात परततात. हनिमून ट्रिपच म्हणा ना.

वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशिम. वाशिमला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला, तो वत्सगुल्मातूनच दिलेला आहे. इथे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. तिचा संस्थापक सर्वसेन स्वतः प्राकृत कवी. पण गंमत पुढेच आहे. राजशेखर लिहीत होता तेव्हा ते राज्य संपून चारशे वर्षं झाली होती. राजधानी गेली, राजे गेले, तरी चांगल्या भाषेचं गाव म्हणून वत्सगुल्माचं नाव कनोजपर्यंत टिकून होतं. वैदर्भी रीतीला ‘वच्छोमी’ म्हणत, ते याच गावावरून. आणि अवंतिसुंदरीच्या आवडीच्या ‘कर्पूरमंजरी’त नायिकेला तांत्रिक भैरवानंद योगबळाने क्षणात आणतो, तीही याच वच्छोम नगरातून. बिचारी अंघोळ करत असते, ओल्या कपड्यांनीच राजवाड्यात हजर! आज समृद्धी महामार्गालाही एवढी घाई जमत नाही.

राजशेखरला भूगोलाचं वेडच होतं. ‘बालरामायणा’त त्याने राम-सीतेला पुष्पक विमानातून लंका ते अयोध्या अख्खा देश वरून दाखवलाय. ‘काव्यमीमांसे’चा सतरावा अध्याय तर सरळ देशवर्णन आहे, त्यात डोंगर, नद्या आणि कुठे काय पिकतं हे सगळं आलंय. कुठल्या प्रांतातले लोक कविता कशी म्हणतात यावरही तो टोले मारतो. काश्मिरी लोक कवी उत्तम, पण त्यांचं वाचन त्याला कानात गुळवेलीचा रस ओतल्यासारखं वाटतं!

916च्या सुमारास दख्खनचा राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र कनोजवर चालून गेला आणि त्या शहराची घडी विस्कटली. राजशेखर पुढे त्रिपुरीत, म्हणजे आजच्या जबलपूरजवळच्या तेवरला, कलचुरी राजा युवराजदेवाकडे दिसतो. यायावर तो यायावरच.

‘काव्यमीमांसा’ त्याने अठरा भागांची योजली होती. आज त्यातला पहिलाच भाग मिळतो. 1916 साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेने आपलं पहिलं पुस्तक म्हणून तो छापला. उरलेले सतरा भाग हाती नाहीत, पण वाशिमचं लग्न पहिल्याच भागात असल्यामुळे वाचलं.