वाल्डेमार हाफकिन यांचे चरित्र

मुंबईतील मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला, आणि थोड्याच महिन्यांत लोक शहर सोडून पळू लागले. कल्याण स्थानकावर उतारूंना गाडीतून उतरवून काखेत व जांघेत गाठ आहे की काय हे पाहण्यात येऊ लागले. उल्हासनगर तेव्हा वसलेच नव्हते. परंतु मुंबईहून अंबरनाथ अथवा बदलापूर येथे जाणाऱ्यास कल्याण चुकविता येत नसे. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. साथ निवारण्याचे काम कोणाही मनुष्यास सोपविण्याचा अधिकार त्याने सरकारास दिला. त्या मनुष्याजवळ वैद्यकीची सनद असावी, अशी अट त्यात नव्हती. हाच कायदा करोनाच्या साथीत, २०२० साली, महाराष्ट्रात पुन्हा लागू करण्यात आला, हे वाचकांस आठवत असेल.

अशी सनद नसतानाही त्या संकटात ज्यांच्यावर सरकारने भिस्त ठेवली, ते वाल्डेमार हाफकिन होत. त्यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे यहूदी कुळात झाला. त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. ते डॉक्टर नव्हते. रशियन मंडळीत सामील झाल्यास अध्यापकाची जागा मिळण्याजोगी होती, ती त्यांनी नाकारली. पदाचे आमिष दाखवून घडविलेल्या धर्मांतराची किंमत आम्हा प्रचारकांस ठाऊकच आहे. म्हणून या नकाराबद्दल आमच्या मनात आदरच आहे. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी ग्रंथालयातील दुय्यम काम पत्करले, आणि तेथेच पटकीची लस सिद्ध करून १८९२ साली ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९३ मध्ये ते हिंदुस्थानात आले.

ऑक्टोबर १८९६ मध्ये त्यांस मुंबईस बोलाविण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक लहानशी जागा, एक कारकून व तीन शिपाई एवढेच त्यांस मिळाले. तरी तीन महिन्यांत लस तयार झाली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःच्या अंगी टोचून घेतली. ताप आला, पण उतरला. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील राजीखुशीने पुढे आलेल्या कैद्यांस ती देण्यात आली.

खेड्यातील वाचकांनी बडोद्याजवळील उंढेरा गावाची हकीकत अवश्य ध्यानात घ्यावी. फेब्रुवारी १८९८ मध्ये तेथील प्लेग झालेल्या घरांतून निम्म्या माणसांस लस टोचली व निम्म्यांस तसेच ठेविले. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडून ३ मेले. न टोचलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडले व २६ मेले. एकाच चुलीवरचे अन्न खाणाऱ्यांत हा भेद पडला. शिपायांच्या झडत्यांनी जो विश्वास उडाला होता, तो अशा हिशेबाने थोडाथोडा परत आला.

१८९९ साली परळ येथील जुन्या गव्हर्नर-निवासात त्यांची प्रयोगशाळा गेली. मग ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांस लस टोचली असता त्यांतील १९ जण धनुर्वाताने दगावले. ते सर्व एकाच बाटलीतील होते. चौकशी समितीने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेविला, आणि हाफकिन यांस पदावरून दूर करण्यात आले. ते डॉक्टर नाहीत, ही गोष्ट यश येत होते तोवर फारशी कोणास खटकली नव्हती. आता मात्र तिचाही बोभाटा झाला. वस्तुतः बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, व तो नीट निर्जंतुक न करताच वापरण्यात आला होता. हे सिद्ध होण्यास वर्षे लागली. १९०७ साली रोनाल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या वृत्तपत्रात त्यांची बाजू मांडली, तेव्हा त्यांच्यावरील ठपका दूर झाला. मेलेल्या १९ जणांच्या घरच्यांस यातून काय समाधान लाभले असेल, ते देव जाणे.

त्यांस कलकत्त्यास पुन्हा नोकरी मिळाली, पण पूर्वीची मोठी कामगिरी त्यांच्याकडे परत आली नाही. निवृत्तीनंतर ते युरोपात आपल्या पूर्वजांच्या नियमशास्त्राप्रमाणे काटेकोरपणे राहिले, व आपली मिळकत त्यांनी यहूदी धर्मशाळांतील विद्यार्थ्यांसाठी ठेविली. १९२५ साली परळच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. लोझान येथे २६ ऑक्टोबर १९३० रोजी ते मरण पावले.