कोडं ऐकताच उत्तर सांगणारे रामानुजन मूळ संख्यांमध्ये कुठे फसले?

डिसेंबर १९१४. केंब्रिजमध्ये श्रीनिवास रामानुजन गॅसवर भाजी परतत होते. शेजारी प्रशांतचंद्र महालनोबिस (पुढे भारतीय सांख्यिकी संस्था उभारणारे तेच) 'स्ट्रँड' मासिकातलं कोडं वाचून दाखवत होते.

कोडं असं. रस्त्यावर ओळीने घरं आहेत, नंबर १ पासून पुढे. एका घराच्या अलीकडच्या सगळ्या नंबरांची बेरीज पलीकडच्या बेरजेइतकीच भरते. घरं ५० हून जास्त, ५०० हून कमी. तर ते घर कितवं?

महालनोबिस यांनी आकडे लावून बघत उत्तर काढलं होतं. २८८ घरं, त्यातलं २०४ वं. रामानुजन यांनी भाजी परततच एक मांडणी सांगितली, अपूर्णांकाच्या पोटात अपूर्णांक, कधीच न संपणारी. त्यात ५० ते ५०० ची अट काढल्यावर येणारी सगळी उत्तरं होती: ८ घरांत ६ वं, ४९ मध्ये ३५ वं, २८८ मध्ये २०४ वं, १६८१ मध्ये ११८९ वं आणि असंच पुढे.

नामगिरी देवी आपल्याला सूत्रं देते, अशी रामानुजन यांची श्रद्धा होती आणि बहुतेक किस्से तिथेच थांबतात. पण कुंभकोणममधली त्यांची पाटी जास्त सांगून जाते. १९०३ च्या सुमारास कार नावाच्या लेखकाचं पुस्तक त्यांच्या हाती लागलं. सुमारे ५,००० सूत्रं, सिद्धता जेमतेम. ती ते स्वतःच सोडवत बसले. कागद महाग, म्हणून गणित पाटीवर करायचं, कोपराने पुसायचं आणि वहीत फक्त शेवटचं उत्तर उतरवायचं. यापायी बाकीच्या विषयांत नापास झाले, कॉलेज सुटलं. १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांची कारकुनी मिळाली.

घरांच्या कोड्यामागे २ च्या वर्गमूळाशी जोडलेलं एक समीकरण आहे. अशी गणितं वर्षानुवर्षं घोटलेल्या माणसाला ते ऐकताक्षणीच ओळखीचं वाटलं.

पण ही ओळख दगाही द्यायची. जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी हार्डी यांना पत्र पाठवलं. त्यात थक्क करणारी सूत्रं होती, तसाच मूळ संख्या मोजण्याबद्दलचा दावाही होता, आणि तो चुकीचा निघाला. मूळ संख्या इथे भल्याभल्यांना चकवतात. त्यांची संख्या सांगणारा एक प्रसिद्ध अंदाज तपासलेल्या प्रत्येक ठिकाणी खऱ्या आकड्यापेक्षा जास्तच भरायचा. तो कायम जास्तच राहील, असं कुणालाही वाटलं असतं. १९१४ मध्ये हार्डी यांचे सहकारी लिटलवूड यांनी सिद्ध केलं की पुढे कुठेतरी तो कमी पडतो आणि असं अनंत वेळा होतं.

हार्डी यांच्यापुढचा पेच अवघड होता. सिद्धता शिकवली नाही तर चुका राहणार, जास्त रेटली तर रामानुजन यांची झेप अडखळणार. त्यांनी मधला मार्ग काढला आणि त्याचं फळ १९१८ मध्ये दिसलं. एखादी संख्या किती प्रकारे बेरजेत मांडता येते (४ साठी ५ प्रकार), याचं सूत्र दोघांनी मिळून दिलं. २०० साठी उत्तर येतं ३९,७२,९९,९०,२९,३८८. मॅकमहॉन यांनी हाताने केलेल्या आकडेमोडीशी ते जुळलं.

२६ एप्रिल १९२० ला, अवघ्या ३२ व्या वर्षी रामानुजन गेले. त्यांच्या वह्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९५७ मध्ये जशाच्या तशा छापल्या. त्यातली तीन हजारांहून जास्त सूत्रं एकेक करून तपासायला अमेरिकन गणितज्ञ ब्रूस बर्न्ट यांना दोन दशकांहून अधिक काळ लागला. चुकीची निघाली ती मोजकीच.